गुडघ्यात पीआरपी: भिशीचे पैसे भरण्याआधी

पत्र:

मी ५४ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. पोरांसोबत खाली बसलं की उठताना भिंतीला हात लावावा लागतो, जिना उतरताना कळ येते. वजन ७४ किलो. साखरेची गोळी चालू आहे, मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी ८.६ आली. शहरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. झीज दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची आहे, गादी घासलीय, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी इंजेक्शन दिलं की गादी पुन्हा तयार होईल आणि ऑपरेशन टळेल, असंही म्हणाले. दोन्ही गुडघ्यांना तीन-तीन इंजेक्शनं सांगितलीत.

माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. त्याची टाचेमागची शीर तीन महिन्यांपासून दुखते, सकाळी पाय टेकवत नाही. त्यालाही दोन इंजेक्शनं घ्या म्हणाले. दोघांचं मिळून ७२ हजारांचं पॅकेज. पाच हजार भरून आलेय, बाकीचे येत्या शनिवारी भरायचेत. माझी भिशी याच महिन्यात लागलीय. शेजारच्या काकूंना या इंजेक्शनानं खूप फरक पडला. भाचा म्हणतो ही सगळी लूट आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, शनिवार जवळ आलाय म्हणून आधी उत्तर देते, कारणं नंतर सांगते. मुलाला हे इंजेक्शन देऊ नका. तुमच्या गुडघ्याला ते देता येण्यासारखं आहे, पण आत्ता लगेच नाही, आणि गादी नव्यानं तयार होईल या आशेवर तर मुळीच नाही. काकूंना फरक पडला हे खरं असणार. भाच्याचा संशयही अगदीच चुकीचा नाही. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते नीट समजून घेतलंत तर पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

मी हाडांची डॉक्टर आहे आणि निवडक रुग्णांना पीआरपी देते, त्यामुळे या उपचाराशी माझं वैर नाही. तो ज्या शब्दांत विकला जातो, त्याचा मात्र मला मनापासून राग येतो.

डेंगीच्या साथीमुळे प्लेटलेट्स हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलाय. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्याही अगदी छोट्या अंशात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. जखम झाली की त्या तिथे गोळा होऊन रक्त थांबवतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्या पोटात बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत वाढीला चालना देणारी प्रथिनं भरलेली असतात. प्लेटलेट फुटली की ही प्रथिनं बाहेर पडतात, दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावतात, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देतात, सूज कमी-जास्त करतात. मग या प्लेटलेट्स एकवटून दुखऱ्या जागीच सोडल्या तर? पीआरपी म्हणजे प्लेटलेट्सनी समृद्ध केलेला रक्तद्रव. त्यामागची कल्पना एवढीच आहे, आणि ती काही वेडगळ नाही. १९९०च्या दशकात जबड्याच्या आणि दातांच्या शस्त्रक्रियांमध्ये ती वापरात आली, नंतर खेळाडूंपर्यंत पोचली. टायगर वूड्सनं गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पीआरपी घेतल्याचं स्वतः सांगितलं, त्यानंतर जगभर दवाखान्यांच्या भिंतींवर तिची पोस्टरं लागली.

प्रत्यक्षात काय करतात तेही सांगते, कारण अनेकींना वाटतं की बाटलीतलं तयार औषध टोचतात. आधी तुमच्या हातातून रक्त काढतात. पद्धतीप्रमाणे ते २० ते ६० मिली असतं. त्यात रक्त गोठू नये म्हणून एक द्रव मिसळलेला असतो. मग ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये काही मिनिटं जोरात फिरवतात. बाहेर काढलेली नळी उजेडात धरली की तीन थर स्वच्छ दिसतात: तळाला गडद लाल पेशी, त्यावर कागदाएवढा पातळ, मळकट पांढरा पापुद्रा आणि वर पिवळसर रक्तद्रव. प्लेटलेट्स त्या पापुद्र्यालगत जास्त असतात. तिथला द्रव अलगद ओढून घेतात, काही ठिकाणी तो पुन्हा एकदा फिरवतात. शेवटी सिरिंजमध्ये चार-सहा मिली द्रव उरतो. तो वाटीच्या कडेनं सुई घालून सांध्यात सोडतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

पण त्या सिरिंजमध्ये नेमकं काय आहे, हे दवाखान्यागणिक बदलतं. एका ठिकाणी प्लेटलेट्स मूळ रक्ताच्या पाचपट असतात, दुसरीकडे जेमतेम सव्वापट. कुठे पांढऱ्या पेशी गाळलेल्या असतात, कुठे तशाच ठेवलेल्या. पॅरासिटामॉलची ५००ची गोळी सांगलीत घ्या नाहीतर नागपुरात, आत ५०० मिलिग्रॅमच असतं. पीआरपीचं तसं नाही. म्हणून ‘पीआरपीनं फरक पडतो का’ या प्रश्नाचं उत्तर अभ्यासागणिक वेगळं येतं.

आता गुडघ्यांबद्दल. चंडीगडच्या पीजीआय या सरकारी संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो आपल्या देशातला आणि आपल्यासारख्याच रुग्णांवरचा म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. दोन्ही गुडघ्यांत सुरुवातीची झीज असलेल्या ७८ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. काहींच्या गुडघ्यांत पीआरपीचं एक इंजेक्शन, काहींना तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन, आणि उरलेल्यांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. पीआरपी घेतलेल्यांचं दुखणं काही आठवड्यांत स्पष्ट कमी झालं, सलाईनवाल्यांचं झालं नाही. सहा महिन्यांच्या सुमारास मात्र तो फायदा ओसरायला लागला होता. आणि तुमच्या पॅकेजशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, एक इंजेक्शन आणि दोन इंजेक्शनं यांच्या परिणामात फरक दिसला नाही.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, सिडनी आणि मेलबर्न इथला, २०२१चा. त्यात पन्नाशी ओलांडलेले, तुमच्याइतकीच म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची झीज असलेले २८८ रुग्ण होते. निम्म्यांना दर आठवड्याला एक अशी पीआरपीची तीन इंजेक्शनं, निम्म्यांना तशीच सलाईनची तीन. वर्षानंतर पाहिलं तर दहापैकी मोजलेलं दुखणं पीआरपी गटात सरासरी २.१नं उतरलं होतं आणि सलाईन गटात १.८नं. हा फरक नसल्यातच जमा. एमआरआय काढून गादीही मोजली होती. ती दोन्ही गटांत जवळपास सारखीच घटलेली निघाली, पीआरपीवाल्यांची वाढली नव्हती आणि टिकलीही नव्हती.

शेजारच्या काकूंचं कोडं इथे सुटतं. नुसत्या सलाईननंही दुखणं दहात जवळजवळ दोननं कमी होतं. गुडघेदुखीला चढ-उतार असतात. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा दुखणं सहसा शिखरावर असतं, नंतर ते थोडं आपोआप उतरतंच. शिवाय सुई टोचलीय, कुणीतरी नीट लक्ष दिलंय, आता बरं वाटणार या विश्वासाचाही शरीरावर खरा परिणाम होतो. काकूंना आलेला आराम खोटा नाही. तो आराम प्लेटलेट्समुळेच आला का, हे त्यांच्या एकटीच्या अनुभवावरून कुणालाच सांगता येणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासावर एक आक्षेप आहे आणि तो मला पटतो: त्यांनी वापरलेल्या पीआरपीत प्लेटलेट्स फारच कमी होत्या, साध्या रक्तापेक्षा थोड्याच जास्त. एका वेळी साधारण १००० कोटी प्लेटलेट्स सांध्यात गेल्या तर परिणाम चांगला दिसतो, असं म्हणणारे अभ्यास आता येताहेत. त्यामुळे तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली गुडघ्याच्या झिजेला पीआरपी देऊ नका अशी ठाम शिफारस केली, आणि कारण हेच दिलं की प्रत्येकाचं मिश्रण वेगळं आहे. तिथल्याच अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली दुखणं कमी व्हायला मदत होऊ शकते असं म्हटलं, पण त्यावर ‘मर्यादित’ असा शिक्का मारला. माझं स्वतःचं मत या दोहोंच्या मधलं आहे. सुरुवातीच्या आणि मध्यम झिजेत, बाकीचं सगळं करून झाल्यावरही दुखणं हटत नसेल, तर चांगल्या पद्धतीनं बनवलेलं पीआरपी काही जणांना सहा महिने ते वर्षभर आराम देतं. हाडाला हाड घासायला लागलंय अशा चौथ्या टप्प्यात मी ते देत नाही.

गादी पुन्हा तयार होते, हे मात्र मला मान्य नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे याच गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे हातावरची जखम भरते तशी ती भरून येत नाही, आणि चार-सहा मिली द्रवानं ती नव्यानं उगवते असा विश्वासार्ह पुरावा आजवर कुणी दिलेला नाही. एखादा डॉक्टर हे आश्वासन देत असेल तर त्यांना एमआरआयवर मोजून दाखवायला सांगा. दुखणं कमी होणं आणि झीज भरून निघणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पैसे मोजायला हरकत नाही, दुसरी कुणी विकत देऊ शकत नाही.

मग तुम्ही काय करायचं? पुढचे तीन महिने गुडघ्याभोवतीच्या स्नायूंना द्या. हा भाग वाचताना ‘व्यायाम काय, सगळेच सांगतात’ असं मनात येईल, माझ्याकडच्या निम्म्या बायका तोंडावर तसं म्हणतात. पण ज्या अमेरिकन संघटनेनं पीआरपीला ठाम नकार दिला, तिनंच व्यायामाला, वजन कमी करण्याला आणि दुखऱ्या गुडघ्यावर लावायच्या वेदनाशामक जेलला तितकाच ठाम होकार दिला आहे. आणि त्याचा खर्च महिन्याला काहीशे रुपयांच्या वर जात नाही.

अंगणवाडीतच सुरुवात करा. खाली बसणं तीन महिने बंद. मुलांच्या उंचीजवळ राहायचं असेल तर गुडघ्याएवढ्या उंचीचं लाकडी स्टूल घ्या, पाट नको. उकिडवं बसून खिचडी ढवळणं, मांडी घालून रजिस्टर भरणं, यांत गुडघा पूर्ण दुमडतो आणि वाटीच्या मागे सर्वांत जास्त दाब येतो. रजिस्टर टेबलावर घ्या. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, ती आणा. ७२ हजारांतल्या पहिल्या खर्चाचा मान तिचा आहे.

रोज सकाळी कॉटवर पाय लांब करून बसा. उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे, नाही लागला तर अजून दाबा. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, मग डाव्याला. दुसरा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. दोन्ही हात छातीवर घ्या, हळू उठा आणि त्याहून हळू बसा. धपकन बसायचं नाही, कारण खाली येतानाच स्नायूचं खरं काम होतं. सुरुवातीला आठ वेळा जमलं तरी पुरे, खुर्ची बुटकी असेल तर वर उशी घ्या. व्यायाम करताना थोडं दुखेल. दहापैकी चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीही सूज किंवा ठणका राहिला, तर पुढच्या वेळी संख्या कमी करा, पण बंद करू नका. एकदा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत बघून घ्या, म्हणजे चुकीची सवय लागणार नाही. बाहेर जाताना काठी वापरायला लाजू नका, आणि उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून ती डाव्या हातात धरा. बहुतेक जण उलटी धरतात आणि मग काठीचा उपयोग होत नाही म्हणतात.

वजनाचं बोलणं बायकांना लागतं, हे मला कळतं, म्हणून फक्त हिशेब सांगते. वजन एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. पाच किलो कमी केलेत तर प्रत्येक पावलाला वीस. दिवसाची हजारो पावलं मोजा, म्हणजे याची ताकद लक्षात येईल. तुमच्या साखरेलाही त्याचाच फायदा आहे. ८.६ ही तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) जास्त आहे, आणि या साखरेवर कुणी तुमच्या सांध्यात पटापट सहा सुया घालणार असेल तर मला काळजी वाटते. साखर जास्त असताना सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. तुमच्या साखरेच्या डॉक्टरांना आधी भेटा, ती सातच्या आसपास आणायचं ठरवा. दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीन-चार वेळा चोळा. त्याच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नका, मधुमेहात मूत्रपिंडाला जपावं लागतं.

तीन महिन्यांनी, हे सगळं प्रामाणिकपणे करूनही जिना उतरताना तितकीच कळ येत असेल, तर पीआरपीचा विचार जरूर करा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे, तिथे एक्स-रे दाखवून दुसरं मत घ्या. मग ज्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेणार असाल त्यांना स्पष्ट विचारा: तुम्ही बंद, निर्जंतुक किट वापरता की साध्या नळ्या? तयार द्रवात प्लेटलेट्स किती आहेत हे मोजता का? पांढऱ्या पेशी गाळता का? माझ्यासारख्या रुग्णांत कितीजणांना फरक पडला नाही? शेवटचा प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर थांबून, विचार करून उत्तर देतो, त्याच्याकडे जा. आणि एका वेळी एकाच गुडघ्याला, उजव्याला, एकच इंजेक्शन घ्या. सहा आठवडे ते तीन महिने थांबून फरक बघा, मग पुढचं ठरवा. एकदम सहांचे पैसे आधी भरायला लावणारं पॅकेज तुमच्या सोयीचं नाही. मेडिक्लेम असेल तर कंपनीला लेखी विचारा, कारण दाखल न होता घेतलेल्या अशा उपचाराचा खर्च साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा मिळत नाही.

इंजेक्शन घेतलंतच तर त्याआधी आठवडाभर आणि नंतरही काही दिवस आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांच्या गोळ्या नकोत, त्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात. दुखलं तर पॅरासिटामॉल आणि बर्फ. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असलेल्यांनी ती मनानं बंद करायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. रक्तात प्लेटलेट्स कमी असतील, अंगात कुठेही जंतुसंसर्ग असेल, कॅन्सरवर उपचार चालू असतील, तर हा उपचार नको. टोचल्यावर दोन-तीन दिवस गुडघा जड होऊन ठणकतो, ते अपेक्षित आहे. पण गुडघा लाल, गरम, टरारून सुजला, ताप आला, पाय हलवताच येईना, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, रविवार असला तरी.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, स्टिरॉइडचं स्वस्त इंजेक्शन घ्या. त्यानं लवकर बरं वाटतं, पण काही आठवडेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड दिलेल्या रुग्णांची कूर्चा सलाईन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजलेली निघाली आणि दुखण्यात फरक नव्हता. शिवाय मधुमेहींची साखर त्यानं काही दिवस उसळी मारते. लग्नकार्य, प्रवास अशा अडचणीला एखाद्या वेळी ठीक, सवय नको.

आता मुलाबद्दल, आणि इथे मला अजिबात शंका नाही. टाचेमागचा जो जाड पट्टा पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडतो, तो अकिलीस टेंडन. भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटरची वेळ गाठायला एकदम डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, रोजच्या रोज जोरात पळायला लागतात आणि हा पट्टा कुरकुरतो. सकाळची पहिली पावलं जड जाणं ही त्याची ठळक खूण. पीआरपी या दुखण्यावर नीट तपासलं गेलंय. नेदरलँड्समध्ये २०१० साली ५४ रुग्णांवर आणि ब्रिटनमध्ये २०२१ साली २४० रुग्णांवर. पहिल्यात सलाईनशी तुलना केली, दुसऱ्यात नुसत्या खोट्या सुईशी, म्हणजे काहीही न सोडता टोचलेल्या सुईशी. सहा महिन्यांनी दोन्हीकडे फरक शून्य. मांडीच्या मागच्या स्नायूच्या, हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीतही २०१४ साली ८० खेळाडूंवर पाहिलं, तिथेही पीआरपीमुळे खेळाडू लवकर मैदानात परतले नाहीत. टेनिस एल्बोमध्ये काही जुन्या अभ्यासांत पीआरपी बरं दिसलं होतं, म्हणून काही डॉक्टर अजून देतात. पण २०२१ साली सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिल्यावर सलाईनपेक्षा म्हणावा असा फायदा तिथेही निघाला नाही.

त्याच्यासाठी खरा उपचार आहे पायरीवरचा. १९९८ साली स्वीडनमधल्या एका अस्थितज्ज्ञानं, हकान अल्फ्रेडसन यांनी, तो १५ हौशी धावपटूंवर करून पाहिला आणि बारा आठवड्यांनी सगळे पुन्हा पळायला लागले. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, कठड्याला धरायचं. चांगल्या पायाच्या जोरावर टाचा वर उचलायच्या, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन फेरे गुडघा किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. थोडं दुखलं तरी चालतं. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं वाढल्यासारखं वाटतं आणि बहुतेक मुलं नेमकी तेव्हाच सोडून देतात, म्हणून तुम्ही पाठीशी उभ्या राहा. दुखणं हळूहळू कमी झालं की पाठीवरच्या पिशवीत पाच किलो वजन घालून तेच करायचं. टाचेच्या अगदी टोकाला, हाडाला चिकटून दुखत असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली न सोडता सपाट जमिनीवरच करायचं.

पळणं पूर्ण बंद करायची गरज नाही. एक दिवसाआड, मातीच्या मैदानावर, अर्ध्या वेगानं, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. नव्या खोंडाला कुणी पहिल्याच दिवशी एकराच्या नांगरटीला जुंपत नाही, तसंच हे. बाकीच्या दिवशी सायकल चालवू दे, गोळाफेकीचा सराव करू दे. नवे, टाचेला थोडी उंची असलेले बूट घेऊन द्या, ही खरेदी मी सांगून करायला लावीन.

आणि दोन गोष्टींपासून त्याला जपा. अकिलीसमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका, त्यानं पट्टा कमकुवत होऊन तुटू शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्या जातीच्या प्रतिजैविकांनीही हाच धोका वाढतो, तेव्हा जुलाब-तापासाठी गोळी घेताना डॉक्टरांना टाचेचं दुखणं सांगायचं. पळताना मागून कुणी दगड मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर पट्टा तुटलाय असं समजून लगेच रुग्णालय गाठा.

शनिवारी तिथे जा, पण पैसे भरायला नको. काउंटरवर एवढंच म्हणा: ‘मी साखर आटोक्यात आणून तीन महिन्यांनी विचार करणार आहे. मुलाचं रद्द करा. पाच हजारांतले तपासणीचे आणि एक्स-रेचे वजा करून बाकीचे परत द्या आणि पावती द्या.’ आवाज चढवायची गरज नाही, कारणं सांगत बसायचीही नाही. नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. सोबत एक्स-रे आणि तपासणीचे कागद मागून घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि मिरजेला जाताना तुम्हाला ते लागणार आहेत.